डिकीतला डबा

गेल्या ऑगस्टात आई-बाबा सांगलीहून दोन महिन्यांसाठी इकडे आले होते. एका रविवारी त्यांना घेऊन मेयो परगण्याच्या पार पश्चिम टोकाला, बेलमलेटला गेलो. समुद्र झाला, वारा झाला, आईच्या डब्यातल्या दशम्या झाल्या. परत निघायला संध्याकाळचे सात वाजले. ऑगस्टात इथे नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे मी निवांत होतो. बॅंगर एरिस सोडलं आणि पुढच्या माळावर गाडी रिझर्व्हला लागली. काट्याशेजारचा पिवळा दिवा लागला हो!

तसा तो बेलमलेटलाच लागणार होता. पण गाडीतला कॉम्प्युटर "अजून ७० किलोमीटर" असं सांगत होता आणि बॅलिना साठ-पासष्ट किलोमीटरवर. हिशेब बसत होता. मात्र समोरून वारा सुटला, गाडीत चार माणसं, आणि तो आकडा रस्त्यापेक्षा भराभर उतरायला लागला. ७० चे ३०, ३० चे १५, आणि मग आकडा जाऊन नुसत्या रेघा. वाटेतल्या गावातला पंप रविवार म्हणून बंद झालेला.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. तेहतीस वर्षं इंजिनात हात घातलेला माणूस. त्यांनी शांतपणे विचारलं, "डबा कुठाय?"

"कसला डबा?"

"पेट्रोलचा. डिकीत नाही?"

"नाही बाबा. इथे कोणी ठेवत नाही."

"ज्वलनात डॉक्टर झालास ना रे तू?"

मागच्या सीटवर माझी बायको खिडकीतून बाहेर बघायला लागली. ती हसत होती हे मला आरशात दिसत होतं.

आता हे खरं आहे. पेट्रोलची वाफ हवेत किती मिसळली की पेटते, किती वेळात पेटते, यावर मी गॉलवेला चार वर्षं घालवली आणि त्याबद्दल मला डॉक्टरेट मिळाली. आणि तोच मी, बेलाकॉरिकच्या माळावर कोरडी टाकी घेऊन. या माळाची गंमत अशी की इथे पूर्वी पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जाळून वीज करायचे. ते केंद्र बंद पडलं, त्याचा कूलिंग टॉवर २००७ साली पाडला आणि आता त्याच माळावर पवनचक्क्या फिरतात. चारी बाजूंना ऊर्जाच ऊर्जा, फक्त आमच्या टाकीत नाही.

शेवटी रस्त्याकडेच्या एका शेतकऱ्याच्या घरी गाडी लावली. सत्तरीचा म्हातारा बाहेर आला. माझी रडकथा ऐकून त्याने पहिला प्रश्न विचारला, पेट्रोल की डिझेल? "डिझेल असेल तर माझ्याकडे फक्त हिरवं आहे, आणि ते तुला फार महाग पडेल." इथे शेतीच्या डिझेलवर कर कमी असतो, म्हणून त्यात हिरवा रंग घालतात. ते मोटारीत सापडलं तर दंड. गंमत म्हणजे पंपावर हिरवी नळी असते ती पेट्रोलची आणि काळी डिझेलची. म्हणजे हिरवं डिझेल वेगळं आणि हिरवी नळी वेगळी. नवीन आलेला माणूस इथे हमखास घोटाळा करतो.

माझी गाडी पेट्रोलची. म्हातारा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला आणि एक जुना, चौकोनी, लोखंडी कॅन घेऊन आला. बाबांचा चेहरा उजळला. "अरे, हा तर मिलिटरीचा डबा!"

म्हाताऱ्याने मला इंजिन बंद करायला लावलं. आईला आणि बायकोला गाडीतून उतरवून वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं केलं. कॅन खडीवर ठेवला, तोंडाला नळी बसवली, उचलला आणि ओतला. एक थेंब खाली नाही. पाच लिटर गेल्यावर थांबला. पैसे काढले तर हाताने उडवून लावले, "यू आर ग्रँड" म्हणाला आणि आम्ही रस्त्याला लागेपर्यंत फाटकात उभा राहिला.

क्रॉसमोलिना येईपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बुडुक-बुडुक आवाज आला नाही बघ."

मला वाटलं होतं, आता डबा न ठेवण्यावरून व्याख्यान होणार. पण बाबांचं लक्ष ओतण्याकडे होतं. हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितोय. लांबच्या प्रवासात जास्तीचं पेट्रोल सोबत न्यावं की नाही, आणि न्यायचं तर कशात न्यावं, ओतावं कसं, या फालतू वाटणाऱ्या प्रश्नाबद्दल माझं एक ठाम मत आहे. आणि त्यामागे आमच्या घरातलं एक तीस वर्षांपूर्वीचं प्रकरण आहे.

आधी त्या डब्याबद्दल सांगतो, कारण त्याची गोष्ट मोठी झकास आहे आणि तिचा एक धागा थेट आपल्याकडे येतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला इंग्रजांचं पेट्रोल चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यातून जायचं. चार गॅलन म्हणजे सुमारे अठरा लिटर. हा डबा तुम्ही पाहिलाय. आपल्या आजीच्या घरचा रॉकेलचा डबा तो हाच. वरचं झाकण कापलं की बादली, आडवा कापला की पाटी, माती भरली की तुळस. पंधरा किलो गोडेतेलाचा डबाही त्याच्याच भावकीतला. घरात तो सोन्यासारखा, पण ट्रकमध्ये घालून वाळवंटात नेला की त्याचे सांधे उकलायचे. उत्तर आफ्रिकेच्या लढाईत तळावरून निघालेल्या पेट्रोलपैकी ३० टक्के वाटेत गळून जातं, असा जनरल ऑकिनलेक यांचा अंदाज होता. हेच ऑकिनलेक पुढे हिंदुस्थानचे सरसेनापती झाले.

जर्मनांनी १९३७ च्या सुमाराला यावर उपाय काढून ठेवला होता. वीस लिटरचा कॅन, दाबून काढलेले दोनच अर्धे भाग, त्यांची वेल्डिंगची शिवण आत दबलेली म्हणजे आपटून फुटायला नको. वर एकाऐवजी तीन मुठी, म्हणजे भरलेला कॅन दोघं मिळून नेऊ शकतात आणि रिकामे असले तर एकटा माणूस एका हातात दोन धरू शकतो. बाजूवर फुलीसारखी खोबण, म्हणजे उन्हात पेट्रोल फुगलं तर पत्र्याला पसरायला जागा. झाकणाला स्क्रू नाही, खटक्याने बंद होणारी तरफ. वरच्या कुबडात हवा राहते म्हणून भरलेला कॅन पाण्यावर तरंगतो. आणि सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे तोंडाच्या आत हवा घेणारी एक बारीक नळी. इंग्रज सैनिक जर्मनांना 'जेरी' म्हणायचे, म्हणून हा जेरीकॅन.

आता भारताचा धागा. असं सांगतात की १९३९ च्या उन्हाळ्यात पॉल प्लाइस नावाचा एक अमेरिकन इंजिनियर एका जर्मन सहकाऱ्याबरोबर बर्लिनहून मोटारीने हिंदुस्थानला निघाला. वाटेत पाणी साठवायला काही नाही, म्हणून त्या जर्मनाने टेम्पेलहोफ विमानतळाच्या कोठारातून हे तीन कॅन उचलले. सहकाऱ्याला वाटेतूनच परत बोलावून घेण्यात आलं. प्लाइस एकटा कलकत्त्याला पोचला, मोटार तिथे ठेवली आणि विमानाने अमेरिकेला गेला. तिथे जाऊन लष्कराला या कॅनबद्दल सांगितलं तर कोणी लक्ष देईना, कारण दाखवायला नमुना नाही. नमुने कलकत्त्याला, मोटारीत! पुढे मोटार बोटीने गेली तेव्हा कॅन पोचले. ज्या डब्याची नक्कल करून दोस्तांच्या फौजा फ्रान्समधून धावल्या, तो आधी कलकत्त्यात धूळ खात पडला होता.

सांगायचा मुद्दा असा की भांडं ही किरकोळ बाब नाही. बाबांनी ऐकला नाही तो आवाज त्या आतल्या नळीमुळे आला नाही. बाटली उलटी केली की आतलं द्रव बाहेर येतं आणि त्याची जागा भरायला त्याच तोंडातून हवा आत जाते. दोघांची एकाच दारात धक्काबुक्की. म्हणून बुडुक-बुडुक, आणि मधेच भसकन. पाणी ओततो तेव्हा पायावर सांडतं, एवढंच. पेट्रोल ओततो तेव्हा काय होतं, त्यासाठी थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे.

पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. आणि ही वाफ उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपाससुद्धा पेटण्याइतकी तयार होते. म्हणजे लडाखच्या थंडीतही पेट्रोल "गार पडलं" असं होत नाही. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्का झालं की पुरे. एक फुलपात्रभर, म्हणजे दोनशे मिलिलिटर पेट्रोल गाडीत सांडलं आणि त्याची सगळी वाफ झाली, तर मोटारीच्या आतली तीनेक घनमीटर हवा पेटायच्या लायकीची होते. एक फुलपात्र! ठिणगी किती लागते? मिलीज्यूलच्या पाव हिस्स्याइतकी. हिवाळ्यात स्वेटर घालून सीटवरून घसरत उतरलं आणि दाराला हात लावला की चट्‌ करून झटका बसतो ना, तो जेमतेम जाणवणारा झटकासुद्धा याच्या दुप्पट-तिप्पट असतो. म्हणूनच कॅन पंपावर भरताना डिकीतल्या डिकीत भरायचा नाही, खाली जमिनीवर ठेवून भरायचा. जमिनीवर ठेवला की साठलेली वीज उतरून जाते.

आणखी एक. पेट्रोल तापलं की फुगतं. जमिनीखालच्या गार टाकीतलं वीस लिटर पेट्रोल काठोकाठ भरून घेतलं आणि डिकीत ते तीस अंशांनी तापलं, तर ते सुमारे अर्धा लिटर जास्त होतं. हा अर्धा लिटर कुठे जाणार? बुचातून बाहेर. म्हणून काठोकाठ कधी भरायचं नाही.

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीवरून पाण्यासारखी उताराने वाहते, खड्ड्यात साठते. दिसत नाही, पण चालत जाते.

हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा मला आंबा घाट आठवला.

१९९५ चा मे महिना. मी आठ वर्षांचा. थोरले काका, आम्ही त्यांना अण्णाकाका म्हणायचो, त्यांच्या फियाटमधून आम्ही सगळे गणपतीपुळ्याला निघालो होतो. फियाटमध्ये किती माणसं मावतात हे त्या काळच्या लोकांना विचारू नये. कोल्हापुरात पंपावर रांग होती. अण्णाकाका म्हणाले, "राहू दे, डबा आहे डिकीत." डबा म्हणजे गोडेतेलाचा पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन. घाटाच्या अलीकडे गाडी बंद पडली. आता थांबलोच आहोत तर चहा करू, म्हणून काकूने गाडीपासून दहा-बारा पावलांवर, उताराच्या बाजूला, तीन दगडांच्या आडोशाला स्टो मांडला. तो पंप मारायचा पितळी स्टो. इकडे अण्णाकाकांनी वर्तमानपत्राची सुरळी करून नरसाळं केलं आणि कॅन वाकडा केला. बुडुक-बुडुक, भसकन. सुरळी भिजून मऊ पडली. शर्टावर, पँटवर, रस्त्यावर पेट्रोल. "हात्तिच्या" म्हणून त्यांनी हात झटकले.

तेवढ्यात काकूने काडी ओढली.

मला आठवतं ते एवढंच की आग काकूकडून काकांकडे गेली. जमिनीवरून, निळसर, पळत. बाबांनी चादर टाकून काकांना लोळवलं म्हणून ते वाचले. उजवा हात आणि मांडी भाजली होती. कोल्हापूरच्या दवाखान्यात तीन आठवडे. त्यानंतर त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कधी सरळ झाली नाहीत. २०११ साली ते गेले, पण घरात हा प्रसंग निघाला की एकच वाक्य असायचं, "काकूने स्टो पेटवला." कोणी रागाने नाही म्हणायचं. अण्णाकाका तर कधीच म्हणाले नाहीत. पण वाक्य तेच. काकूने त्यानंतर सहलीत कधी चहा केला नाही.

आता बघा, काकूने काय चुकीचं केलं? ती वास येत नव्हता इतक्या लांब होती. वारा नव्हता. तिला कोणी सांगितलं नव्हतं की वाफ उताराने येते. खरी चूक तीन ठिकाणी होती. कोल्हापुरात पंप सोडला. गोडेतेलाच्या कॅनमध्ये पेट्रोल भरलं. आणि कागदाच्या सुरळीने ओतलं. या तिन्हींत काकू कुठेच नाही.

आणि पहिली चूक का झाली? डबा होता म्हणून. माझं मत हेच आहे. डिकीत डबा असला की माणूस पंप सोडतो. डबा ठेवतो आपण अडचणीसाठी, पण तोच आपल्याला अडचणीपर्यंत नेऊन सोडतो. मेयोच्या माळावर मी जो शहाणपणा केला तोही याच जातीचा. त्यांच्याकडे डबा होता, माझ्याकडे कॉम्प्युटरचा आकडा होता. दोघांनीही पंप सोडला.

तुम्ही म्हणाल, हा परदेशात बसून बोलतोय, तिथे पावलोपावली पंप. कबूल. आयर्लंडचं प्रजासत्ताक महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून लहान आहे. इथे डबा लागू नये. पण पंपांचा सुकाळ म्हणजे अक्कल येते असं नाही. शेजारच्या इंग्लंडमध्ये मार्च २०१२ मध्ये टॅंकर चालकांच्या संपाची हूल उठली, तेव्हा फ्रान्सिस मॉड नावाच्या मंत्र्याने लोकांना गॅरेजात एक जेरीकॅन भरून ठेवायचा सल्ला दिला. जेरीकॅन वीस लिटरचा. तिथल्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे घरी ठेवायच्या धातूच्या डब्याची मर्यादा दहा लिटर! त्याच आठवड्यात यॉर्कमध्ये एक बाई स्वयंपाकघरात पेट्रोल कॅनमधून जगमध्ये ओतत होत्या, शेगडी चालू होती, आणि त्या गंभीर भाजल्या. आंबा घाट काय आणि यॉर्क काय.

बाबांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांच्या पिढीने टंचाई पाहिली आहे. १९७३ ला तेल भडकलं, १९९० ला आखातात पुन्हा भडका उडाला. पंपावर "पेट्रोल नाही" ही पाटी तेव्हा नवलाची नव्हती. आयरिश म्हाताऱ्यांनीही १९७९ च्या रांगा पाहिल्यात, आणि त्यांच्या आईबापांनी तर महायुद्धाच्या काळात खासगी मोटारी घरात ठोकळ्यांवर चढवून ठेवल्या होत्या. ज्याने रांगेत दिवस काढलेत त्याला भरलेला डबा डिकीत असला की झोप लागते. त्याला आपण हसू नये. त्यातून बाबांचा सगळा जन्म डिझेलमध्ये गेलेला. डिझेल सांडलं तर फडक्याने पुसतात. सहज पेट घेत नाही ते. डिझेलची ही सवय पेट्रोलला लावली की घात होतो.

आणि काही ठिकाणी डबा न्यावाच लागतो. मनालीहून लेहला जाताना तांदीच्या पंपावर वर्षानुवर्षं पाटी होती, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. बुलेटच्या टाकीत चढावर तेवढं पुरेलच याची खात्री नाही. दर उन्हाळ्यात पुण्या-कोल्हापूरची पोरं तिकडे जातात, त्यांनी न्यावा. पण मी फोटो पाहतो तेव्हा पुष्कळदा बुलेटला पाण्याच्या बाटल्या बांधलेल्या दिसतात, पिवळसर पेट्रोल भरलेल्या. आपला पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे. त्यात विनापरवाना ३० लिटरपर्यंत पेट्रोल स्वतःसाठी बाळगायची मुभा आहे, आणि भांडं कशाचं असावं तेही दिलंय. काच किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर पंचवीस लिटरपर्यंत, घट्ट बुचाचं. प्लॅस्टिकचा त्यात उल्लेखच नाही. पाण्याच्या बाटलीचं बूच पाण्यासाठी केलेलं असतं, आणि त्यातून कोणाला तहान लागली तर तो बाटली तोंडाला लावणार, हे वेगळंच.

युरोपचा कायदा याहून सढळ आहे. एडीआर नावाच्या करारानुसार खासगी माणूस एका भांड्यात ६० लिटर आणि एका गाडीत २४० लिटरपर्यंत नेऊ शकतो. पण दोनशे चाळीस लिटरची परवानगी आहे म्हणून न्यावं असं थोडंच आहे? कायदा फक्त शिक्षा कुठून सुरू होते ते सांगतो. शहाणपण कुठे संपतं ते आपलं आपण ठरवायचं.

तर माझं म्हणणं असं. ज्याला आसपास पंप आहेत त्याने डबा ठेवूच नये. जास्तीचं पेट्रोल ठेवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे गाडीची टाकीच. तिला हवा घ्यायची सोय आहे, ती तापली तरी चालते, धडकेचा विचार करून ती बसवलेली असते. जुन्या बजाज स्कूटरला सीटखाली कॉक असायचा, चालू, बंद आणि रिझर्व्ह. गाडी गचके खायला लागली की कॉक फिरवायचा आणि पंप शोधायला लागायचं. फारच झालं तर स्कूटर आडवी करायची! ती सोय उत्तम होती, कारण डबा टाकीतच होता आणि तो वापरायला लागलो हे कळायचं. आता कॉक गेला, काटा आला. काटा अर्ध्यावर आला की भरायचं, एवढा नियम केला की तोच आपला रिझर्व्ह. बाहेरगावी तर नक्कीच.

आणि ज्याला न्यावाच लागणार आहे त्याने एवढं पाळावं. पेट्रोलसाठीच केलेला कॅन घ्यावा. जमिनीवर ठेवून भरावा, वर बोटभर नव्हे तर चांगली चार बोटं जागा ठेवावी. माणसं बसतात तिथे ठेवू नये, पट्ट्याने बांधावा, उन्हात सोडू नये. ओतताना इंजिन बंद, माणसं उतरलेली, नळी बसवलेली, आणि आसपास, विशेषतः उताराच्या बाजूला, शेगडी, स्टो, विडी काही नाही. हल्लीच्या काही गाड्यांना टाकीला झाकण नसतं, आत झडप असते. साधी नळी तिथे शिरत नाही, त्यासाठी गाडीबरोबर प्लॅस्टिकचं खास नरसाळं येतं. ते डिकीत आहे का हे घरीच पाहून ठेवावं. सांडलं तर वारा लागू द्यावा, थांबावं, भिजलेले कपडे बदलावे, मगच किल्ली फिरवावी. आणि उरलेलं पेट्रोल परतल्यावर टाकीत रिकामं करावं. भारतात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, इथे आयर्लंडमध्ये २०२३ पासून दहा टक्क्यांपर्यंत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. वर्षभर गच्चीवर पडलेला डबा अडचणीत उपयोगी पडेल या भरवशावर राहू नये.

बॅलिनाला पोचून मी टाकी काठोकाठ भरली. पैसे देऊन परत येतो तो बाबा फोनवर. सांगलीत तेव्हा रात्रीचे अडीच वाजले असतील. मी म्हटलं, "कोणाला उठवलंत?" त्यांनी हातानेच थांब म्हटलं. पलीकडे काकू होती. ती आता पंचाहत्तरीला आलीय, झोप नसतेच म्हणते.

"वहिनी," बाबा म्हणत होते, "आज इथे एका म्हाताऱ्याने पेट्रोल कसं ओतलं ते बघितलं. त्या दिवशी तुमची काही चूक नव्हती. स्टो तुम्ही लांबच मांडला होता."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. बाबा बराच वेळ नुसतं "हं, हं" करत होते. मग फोन ठेवून गाडीत बसले, पट्टा लावला आणि काट्याकडे बघून म्हणाले, "आता अर्ध्यावर आला की सांग मला."